दहाचं नाणं आणि पंधरावं चित्र: खाडीकाठच्या एका बाजारपेठेचं प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या बाजारपेठेत पावसाच्या तोंडावर १० रुपयांचं नाणं चालेनासं झालं. सरकारने काही बंद केलं नव्हतं, नकली नाणीही कुठे सापडली नव्हती. नवं स्मृती नाणं येणार असल्याची बातमी मोबाइलवर आली, तिच्याखाली कुणीतरी ‘जुनी नाणी आता बंद’ एवढी ओळ चिकटवली आणि आठ दिवसांत किराणा, भाजी, मासळी, वडापची जीप, सगळीकडे ‘नोट द्या’ सुरू झालं. गणपतीला मुंबईची माणसं यायच्या आत गुंता बराचसा सुटला, पण सरळ सुटला नाही. पहिला उपाय उलटा पडला. तो का उलटा पडला हे नीट पाहायला हवं, कारण चलनातल्या नाण्यांवर नवी चित्रं येतच राहणार आहेत आणि दर वेळी हाच प्रसंग कुठल्या ना कुठल्या गावात उभा राहतो. गाव, संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलला आहे, रकमा ढोबळ केल्या आहेत.

चित्र बदलतं तेव्हा नेमकं काय बदलतं

नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा, ती लोकांपर्यंत पोचवण्याचं काम रिझर्व्ह बँकेचं. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळींत नाणी पडतात. सालाखाली बारीक हिऱ्याचा आकार असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. नवं नाणं काढायचं असेल तेव्हा अर्थ मंत्रालय २०११ च्या नाणे कायद्याखाली राजपत्रात नियम प्रसिद्ध करतं. किंमत, आकार, व्यास, धातू आणि दोन्ही बाजूंच्या चित्रांचं वर्णन त्यात असतं. जुनं नाणं बंद करायचं तर तो निर्णय वेगळा घ्यावा लागतो. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, ती अशा स्वतंत्र निर्णयाने. नव्या चित्राची अधिसूचना निघाली म्हणून जुनं चित्र आपोआप बाद होत नाही. या गावात घोळ झाला तो इथेच.

स्मृती नाणी दोन प्रकारची असतात आणि बातमी वाचताना हा फरक सगळ्यात आधी पाहावा. एक प्रकार बाजारात चालण्यासाठीच काढलेला. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मृती नाणं १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालं. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं, २००७ मध्ये लोकमान्य टिळकांच्या १५० व्या जयंतीचं ५ रुपयांचं, काथ्या मंडळाच्या साठीनिमित्त १० रुपयांचं, २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीचं १० रुपयांचं. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, काथ्या तर किनाऱ्यावरच्या घराघरातला. तरीही हीच नाणी या जिल्ह्यातल्या गल्ल्यात ‘बाजूला काढलेली’ म्हणून पडलेली दिसली, याचं वाईट वाटतं.

दुसरा प्रकार संग्राहकांसाठी. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं निघालं, ते या प्रकारचं: ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, निम्मी चांदी. अशी नाणी टांकसाळ डबीत घालून दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावाने विकते. ती भाजीवाल्याच्या गल्ल्यात येणारच नसतात. पण बातमीत दोन्हीला ‘नवं नाणं’च म्हणतात.

१० रुपयांच्या नाण्याची गुंतागुंत थोडी जास्त आहे, कारण त्यावर चित्रं फार वेळा बदलली. १७ जानेवारी २०१८ ला रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धीपत्रक काढून सांगितलं की तोवर या किमतीची १४ वेगवेगळ्या रचनांची नाणी निघाली आहेत आणि सगळीच चालतात. २०११ मध्ये रुपयाचं चिन्ह नाण्यांवर आलं, म्हणजे त्याआधीच्या नाण्यांवर ते नाही. त्यानंतर २०१९ ची नवी मालिका आली, जून २०२२ मध्ये आझादीच्या अमृत महोत्सवाचं बोधचिन्ह असलेली १, २, ५, १० आणि २० रुपयांची नाणी आली. कुणाच्या मते आकड्यावर १० रेघा असलेलं खरं, कुणाच्या मते १५ रेघांचं. दोन्ही खरी.

अमेरिकेने १९९९ ते २००८ या काळात २५ सेंटच्या एकाच नाण्यावर ५० राज्यांची ५० चित्रं काढली. व्यास २४.२६ मिलिमीटर आणि वजन ५.६७ ग्रॅम, यात काडीचा फरक केला नाही. २०२६ मध्ये स्वातंत्र्याच्या २५० वर्षांनिमित्त त्याच नाण्याला पाच नवी चित्रं आहेत, मापं तीच. भारतातही १० रुपयांच्या नाण्याचा व्यास पहिल्यापासून २७ मिलिमीटरच आहे. वजन ७.७१ ग्रॅम होतं, २०१९ च्या मालिकेपासून ७.७४ झालं. पिवळं कडं आणि पांढरा मध्य ही ठेवणही कायम आहे. चित्र बदलतं, माप बदलत नाही. पुढे सगळं प्रकरण याच एका गोष्टीवर फिरलं.

बाजारपेठ कशी होती

साठेक दुकानं, एसटीचा थांबा, मासळी उतरवायचा धक्का, एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा, एक पतसंस्था आणि जत्रेचं मोठं देवस्थान. पतसंस्थेचे पिग्मी एजंट रोजची छोटी बचत गोळा करत दुकानोदुकानी फिरतात. घाऊक माल तालुक्याच्या गावाहून येतो.

इथे नाणी येतात कशी हे समजलं की निम्मं प्रकरण समजतं. शिमगा, मे महिना आणि गणपती या तीन हंगामांत चाकरमानी मुंबईहून खिसे भरून सुटे पैसे आणतात. मुंबईत नाणं बसमध्ये, चहाच्या टपरीवर, पार्किंगला दिवसाला पाच हात बदलतं. गावात ते किराणा दुकानात आणि देवस्थानच्या दानपेटीत येऊन थांबतं. परत जाताना पाहुणा नाणी नेत नाही, नोटा नेतो. म्हणजे आवक भरपूर, जावक जवळपास नाही. त्यात क्यूआर कोड आल्यापासून वीस-तीस रुपयांचा व्यवहार मोबाइलवर होतो, त्यामुळे गल्ल्यातली नाणी मोड म्हणून बाहेर जायची तीही वाट आटली. ‘आता सगळं ऑनलाइन आहे, नाण्यांचं काय घेऊन बसलात’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ऑनलाइनमुळे नाणी संपत नाहीत, अडकतात. खाडीकाठाला पावसाळ्यात रेंज गेली की तीच नाणी पुन्हा लागतात.

समुद्राच्या हवेची भर वेगळीच. कड्यात तांब्याचा मोठा अंश असतो, खारट ओलाव्याने ते काळपट पडतं. मासळीच्या पाटीवरून आलेलं नाणं तर हिरवट-काळं होतं. काही घरांत ती आमसुलाच्या पाण्यात टाकून तांब्या-पितळेसारखी घासली गेली. त्याने काळेपणा अर्धवट निघतो, कडं डागाळतं आणि नाणं अजूनच संशयास्पद दिसायला लागतं. नाणं साध्या पाण्याने धुवून पुसावं, बस.

अडचण

एका किराणा दुकानदाराकडे सुमारे ४० हजार रुपयांची दहाची नाणी साठली होती. ४,००० नाणी म्हणजे जवळपास ३१ किलो धातू. त्याचा घाऊक व्यापारी नाणी घेत नव्हता. बँकेच्या खिडकीवर ‘हजाराच्या वर चिल्लर घेत नाही’ असं उत्तर मिळत होतं. बातमी आली तेव्हा त्याने गल्ल्यावर कागद लावला: ‘१० चे नाणे घेतले जाणार नाही’. दोन दिवसांत शेजारच्यांनी लावला.

फटका बसला तो मासे विकणाऱ्या बायकांना. वाटा पन्नासचा, गिऱ्हाईक देतं त्यात दोन-तीन नाणी हमखास. संध्याकाळी त्या तेल-मीठ घ्यायला त्याच दुकानात गेल्या की ऐकायचं, ‘मावशी, नोट द्या. हे पुढे कोण घेत नाय.’ १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा या बायका सुकी मासळी विकून घर चालवतात आणि त्या विक्रीत मोठी नोट क्वचितच येते. दिवसाच्या कमाईतला चौथा हिस्सा त्या दिवशी खर्चताच येत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं.

दुकानदाराचं ‘पुढे कोण घेत नाय’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. त्याला नाणं खोटं वाटत नव्हतं. नाणं आपल्याकडे अडकेल ही त्याची भीती होती आणि ती खरी होती. अफवेने त्याला फक्त नकार द्यायला सोयीचं कारण पुरवलं. हे ज्यांनी ओळखलं नाही त्यांचे उपाय फसले.

पर्याय कोणते होते

व्यापारी संघटना, पतसंस्थेचे व्यवस्थापक, दोन बचत गटांच्या अध्यक्षा आणि देवस्थानचे खजिनदार एकत्र बसले. समोर पाच पर्याय आले.

काही दुकानदारांचं म्हणणं, सगळ्यांनी मिळून नाणं बंद करू, म्हणजे कुणाचं नुकसान नाही. हे लगेच मागे पडलं. नाणं वैध चलन आहे, आणि गणपतीत मुंबईचं गिऱ्हाईक तेच नाणं घेऊन येणार. गिऱ्हाईक परत पाठवलं तर तालुक्याला जाईल.

दुसरा पर्याय तक्रारीचा. बँकेकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत जायचं. २०२१ पासूनची ही योजना विनामूल्य आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो. पण यात वेळ जातो, आणि गावात एकच शाखा असताना शाखाधिकाऱ्याशी संबंध बिघडवायचे का, हा खरा प्रश्न होता. तक्रार हातात ठेवायची, आधी बोलायचं, असं ठरलं. निर्णय बरोबर होता, कारण पुढे जे जमलं ते शाखेच्या मर्जीशिवाय जमलं नसतं.

तिसरा, जनजागृतीचा: सगळ्या नाण्यांची चित्रं छापून फलक लावायचे. चौथा, ज्यांना मोड लागते त्यांच्याकडे नाणी गावातल्या गावात फिरवायची. पाचवा, बँकेत नाण्यांचा ठरावीक दिवशी भरणा सुरू करून घ्यायचा.

तिसरा पर्याय सोपा, स्वस्त आणि लगेच होणारा होता, म्हणून तो आधी घेतला. क्रम इथे चुकला.

फलक उलटा पडला

१४ चित्रांचा रंगीत फलक छापून तो दुकानांत, धक्क्यावर, एसटी थांब्यावर लागला. वर ठळक अक्षरात ‘ही सर्व नाणी वैध आहेत’. चार-पाच दिवस बरं चाललं. मग एका दुकानात अमृत महोत्सवाचं बोधचिन्ह असलेलं नाणं आलं. दुकानदाराने फलकावर शोधलं, सापडलं नाही. ‘यादीत नाही’ म्हणून परत केलं. दुसरीकडे २०१९ च्या मालिकेतलं नाणं परत गेलं. फलकाची यादी २०१८ ची होती, गल्ल्यातली नाणी त्यानंतरचीही होती.

पूर्वी नकार अफवेवरून मिळत होता, आता फलकाकडे बोट दाखवून मिळू लागला. लोकांना चित्रांची यादी दिली की यादीबाहेरचं चित्र खोटं ठरतं. १४ चित्रं पाठ करून घेतली की पंधरावं नाणं परत जाणार हे ठरलेलंच. आणि स्मृती नाण्यांच्या बाबतीत पंधरावं नेहमीच येतं.

जुन्यात नवी चित्रं घालून फलक पुन्हा छापावा अशी सूचना आली. बचत गटाच्या एका अध्यक्षांनी विरोध केला: पुढच्या नाण्याला पुन्हा छापणार का? मग फलकाचा विचारच उलटा केला. काय बदलतं ते दाखवायचं नाही, काय बदलत नाही ते दाखवायचं. नव्या फलकावर नाण्याचं एकही चित्र नव्हतं, फक्त खऱ्या मापाचं, २७ मिलिमीटरचं वर्तुळ आणि हा मजकूर:

‘१० रुपयांचं नाणं. कडं पिवळं, मध्य पांढरा. अशोकस्तंभाचे सिंह. भारत हे नाव देवनागरीत आणि इंग्रजीत. १० हा आकडा. चालणाऱ्या दहावर हे दहा ठेवा, कडेवरून अंगठा फिरवा, कुठे खाच लागली नाही तर माप बरोबर. मागचं चित्र, रेघा, रुपयाचं चिन्ह असणं-नसणं यावरून नाणं खोटं ठरत नाही.’

खाली २० रुपयांच्या नाण्याबद्दल दोन ओळी होत्या, कारण घोळ तिथेही होता. त्याचाही व्यास २७ मिलिमीटरच, पण कडेला १२ बाजू आहेत आणि रंगांची मांडणी उलटी: कडं पांढरं, मध्य पिवळा.

चुंबकाने पारखण्याची एक टूम निघाली होती, ती फलकात मुद्दाम घेतली नाही. १, २ आणि ५ च्या जुन्या तांबं-निकेलच्या नाण्यांना चुंबक चिकटत नाही, नंतरच्या पोलादी नाण्यांना चिकटतो. दोन्ही खरी. त्या कसोटीने खरी नाणी खोट्यात जातात.

वाट मोकळी करण्याचं काम

फलक सुधारून शंका मिटते, साठा हलत नाही. ३१ किलो नाणी घेऊन बसलेल्या माणसाला फलक दाखवून उपयोग नव्हता. म्हणून शाखाधिकाऱ्यांची भेट ठरली आणि तिथे तक्रारीचा सूर न लावता दोन गोष्टी कागदावर नेल्या.

पहिली, हजाराच्या मर्यादेबद्दल. ती नाणे कायद्यातली आहे आणि तिचा अर्थ वेगळा आहे: एका व्यवहारात १ रुपया व त्यावरची नाणी १,००० रुपयांपर्यंत कायद्याने स्वीकारावी लागतात, ५० पैशांची १० रुपयांपर्यंत. खातेदाराने बँकेत भरणा करायला ही मर्यादा नाही; ग्राहकाने किती नाणी भरावीत याला मर्यादा नसल्याचं रिझर्व्ह बँकेने आपल्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं आहे. दुसरी, मोजणीबद्दल. नाणी शक्यतो वजनावर घ्यावीत, आणि १०० नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्या करून आणल्या तर दोघांनाही सोपं जातं, हे रिझर्व्ह बँकेच्याच परिपत्रकात आहे.

शाखेची अडचणही खोटी नव्हती. कॅशियर एक, गर्दी पेन्शनची, स्ट्राँगरूम छोटी. नाणी शेवटी जिल्ह्याच्या करन्सी चेस्टला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा-नाण्यांच्या कोठाराला पाठवायची तर गाडी ठरावीक दिवशीच. शिवाय नाणी वाटल्याबद्दल बँकांना पोत्यामागे जी प्रोत्साहन रक्कम मिळते, ती २०२१ मध्ये २५ वरून ६५ रुपये झाली खरी, पण ती मोजतात चेस्टमधून निव्वळ बाहेर गेलेल्या नाण्यांवर. नाणी परत घेणाऱ्या शाखेच्या पदरात त्यातून काही पडत नाही. व्यवस्था नाणी गावात ढकलण्यासाठी बांधलेली आहे, उचलण्यासाठी नाही. ही उणीव शाखाधिकाऱ्याची नव्हे, हे बैठकीत मोकळेपणाने बोललं गेलं आणि त्यानंतर बोलणं सुरळीत झालं.

ठरलं ते असं. आठवड्यातून एक दिवस, जेवणाच्या सुट्टीनंतर, भरणा एकट्या पतसंस्थेच्या खात्यातून. दुकानदारांनी वेगवेगळं यायचं नाही. पिग्मी एजंट रोजच्या फेरीत भरलेल्या पिशव्या गोळा करणार, पतसंस्था तपासून दुकानदाराच्या खात्याला जमा देणार आणि एकत्र भरणा करणार. एका खेपेला पिशव्यांची कमाल संख्या शाखा आदल्या दिवशी कळवणार.

पिशव्यांचा हिशेब

सगळा वाद इथे होऊ शकला असता, म्हणून हा भाग तपशिलाने ठरवला.

एका पिशवीत १० रुपयांची १०० नाणी, म्हणजे १,००० रुपये. पिशवी पारदर्शक, आत चिठ्ठी: किंमत, संख्या, दुकानदाराचं नाव, खाते क्रमांक, तारीख, सही. नाणी जुन्या वजनाची असली तर १०० चं वजन ७७१ ग्रॅम, सगळी २०१९ नंतरची असली तर ७७४. मिसळलेली असली तर मध्ये कुठेतरी. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा बहुतेक ५ ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो, आणि तेवढा पुरतो. रिकामी पिशवी ठेवून काटा शून्य करायचा, मग भरलेली ठेवायची. ७७० किंवा ७७५ आलं तर १०० बरोबर. ७६५ म्हणजे एक कमी, ७८० म्हणजे एक जास्त. एका नाण्याचं वजन साडेसात ग्रॅमच्या वर असल्यामुळे चूक लपत नाही.

काट्यात पकडली न जाणारी चूक एकच: दहाच्या पिशवीत वीसचं नाणं. वीसचं वजन ८.५४ ग्रॅम, म्हणजे फरक एक ग्रॅमपेक्षा कमी, काटा सांगणार नाही. म्हणून पिशवी भरण्याआधी नाणी ताटात पसरून १२ बाजूंची उचलून काढायची. दुकानदाराचंच नुकसान वाचतं. वीसच्या १०० नाण्यांची पिशवी ८५४ ग्रॅमची, काट्यावर ८५५.

ओली नाणी हा पहिल्या खेपेचा फटका. धक्क्यावरून आलेल्या दोन पिशव्या ७८० दाखवत होत्या, मोजल्या तर १०० च नाणी भरली. आत पाणी आणि खवले. त्यानंतर नाणी धुवून रात्रभर फडक्यावर वाळवूनच पिशवीत, असा नियम झाला.

१, २ आणि ५ रुपयांना वजनाची पद्धत लावली नाही. ५ ची जुनी तांबं-निकेलची नाणी ९ ग्रॅमची, मधली ६ ची, २०१९ नंतरची ६.७४ ची, एका पिशवीत मिसळली की वजनाला अर्थ राहत नाही. २ रुपयांचं २०११ चं नाणं तर १ रुपयाच्या जुन्या पोलादी नाण्याएवढंच आहे, २५ मिलिमीटर. ही नाणी हातानेच मोजायची.

कमी भरलेल्या पिशवीची जबाबदारी चिठ्ठीवर सही असलेल्याची. बँकेत कमी निघालं तर पतसंस्थेने चिठ्ठी दाखवून तेवढी रक्कम परत वळती करायची. हा नियम सगळ्यांच्या सहीने आधी लिहून घेतला, त्यामुळे नंतर भांडण झालं नाही.

गावातल्या गावात फिरवणं

बँकेकडे जाणारी वाट मर्यादित होती, म्हणून चौथा पर्यायही जोडीला घेतला. मोडीची खरी गरज कुणाला आहे याची यादी केली तेव्हा ती अनपेक्षितपणे मोठी निघाली: वडापवाले, झेरॉक्स आणि ई-सेवा केंद्र, औषधाचं दुकान, दूध संकलन केंद्र, गणपतीत हार-दूर्वा विकणारे. यांच्यापैकी काही जण तालुक्याहून सुटे पैसे आणत होते, आणि शंभर पावलांवर किराणा दुकानात क्रेट भरून नाणी पडली होती. देवस्थानच्या खजिनदारांनी दानपेटीतली नाणी १०० च्या पिशव्यांत बांधून, नोटा घेऊन, याच यादीतल्या लोकांना द्यायला सुरुवात केली. पतसंस्थेने खिडकीवर ‘मोड मिळेल’ अशी पाटी लावली.

नवं स्मृती नाणं हातात आलं तर काय करायचं हेही इथेच ठरलं. बातमी आली की आधी किंमत पाहायची. ७५, १००, १२५ अशी किंमत असेल तर ते बाजारात येणारच नाही. १, २, ५, १०, २० पैकी असेल तर ते चालणारच. गावात आलेलं पहिलं नाणं पतसंस्थेने आपल्या मोडीतून बदलून घ्यायचं आणि खिडकीत काचेखाली जुन्या नाण्याच्या शेजारी ठेवायचं. अमृत महोत्सवाचं नाणं असं आधी ठेवलं गेलं.

एक त्रास मात्र शेवटपर्यंत राहिला. वैष्णोदेवीचं चित्र असलेली ५ आणि १० रुपयांची स्मृती नाणी लाखो रुपयांना विकली जातात अशा जाहिराती मोबाइलवर येतात. बाजारात नाकारलेलं नाणं काही घरांत डब्यात जपून ठेवलं होतं आणि विकण्यासाठी ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्यांचे फोन आले होते. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बचत गटांच्या बैठकीत तो वाचून दाखवला. पैसे देऊ नका, ओटीपी सांगू नका, दहाचं नाणं दहाला चालवा.

परिणाम

नारळी पौर्णिमेपर्यंत गल्ल्यांवरचे ‘घेतले जाणार नाही’चे कागद बहुतेक ठिकाणचे निघाले. ४० हजारांचा साठा असलेल्या दुकानदाराच्या पिशव्या पहिल्या तीन भरण्यांत गेल्या, आणि त्याने नाणी घेणं सुरू केल्यावर आळीतली बाकीची दुकानं आपोआप वळली. नाणी घेत नाही म्हणणाऱ्याला समजावायला कुणी गेलं नव्हतं. आपली नाणी जातात हे त्याला दिसलं, तेवढं पुरलं.

गणपतीच्या दिवसांत नाण्यांची आवक वाढली, पण तुंबली नाही. मासे विकणाऱ्या बायकांना नकार मिळणं जवळजवळ थांबलं. वीसचं नाणं मात्र अजूनही काही जण टाळतात, आणि १ रुपयाचं २० मिलिमीटरचं छोटं नाणं ५० पैशांचं समजून परत केलं जातं. ५० पैशांचं नाणंही कायद्याने चालतं, बाजारात कुणी घेत नाही. त्या प्रश्नाला या गावाने हात घातला नाही.

तालुक्यातल्या दोन घाऊक व्यापाऱ्यांनी नाणी घ्यायला शेवटपर्यंत नकार दिला.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात फलकापासून न करता भरण्यापासून करायला हवी होती. दुकानदाराला साठ्याची वाट मिळाली असती तर अफवा असूनही त्याने नाणं घेतलं असतं. उलट क्रमाने गेल्यामुळे अडीच-तीन आठवडे गेले आणि छपाईचा खर्च दोनदा झाला.

घाऊक व्यापाऱ्यांना बैठकीला बोलावलंच नव्हतं, ही त्याहून मोठी उणीव. गावातून नाणी बाहेर जाण्याची सर्वांत रुंद वाट तीच होती. तालुक्यात बँकांची जी नियमित बैठक होते तिथे आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या आर्थिक साक्षरता केंद्रात हा विषय आधी मांडला असता, तर तालुक्याच्या शाखांतही भरण्याचा दिवस ठरवता आला असता, आणि व्यापाऱ्यांना ‘बँक घेत नाही’ म्हणायला जागा राहिली नसती.

एसटी थांब्याजवळ उदबत्ती-कापूर विकणारे एक अंध विक्रेते आहेत, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. २०१९ ची मालिका दृष्टिहीनांना ओळखता यावी म्हणूनच काढली आहे, आणि हे गृहस्थ दहा आणि वीस कडेवरून विनाचूक ओळखतात. चित्र कोणतं आहे याने त्यांना कधीच फरक पडला नव्हता. जी कसोटी बैठकीतल्यांना दुसऱ्या फलकाच्या वेळी सुचली, ती बाजारात एक माणूस रोज वापरत होता. नव्या फलकातली ‘कडेवरून अंगठा फिरवा’ ही पद्धत आता बचत गटाच्या बैठकांत तेच शिकवतात.

पतसंस्थेवर भार जास्त पडला. पिग्मी एजंटला दुचाकीवरून १५-२० किलो नाणी वाहून न्यावी लागत होती, त्याचा मोबदला आधी ठरला नव्हता, तो दुसऱ्या महिन्यात पिशवीमागे ठरवावा लागला. एका फेरीत एजंटने १० पेक्षा जास्त पिशव्या उचलायच्या नाहीत, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास, असाही नियम आता आहे. शिमग्याच्या आधी घाऊक व्यापाऱ्यांची बैठक तालुक्याला घ्यायची ठरली असून वीसच्या नाण्याच्या पिशव्यांचा भरणा त्याच वेळी सुरू करायचा आहे.